सर्वानुमते रंजीता

रंजीता लेकामी दवाखान्याच्या गेटातून आत शिरली की पहारेकरी हटकून विचारतो, "सिस्टर, ड्युटी बदलली का?" तिच्या अंगात निळा शर्ट असतो, पायांत बूट असतात, पाठीवरच्या सॅकमधून मल्टीमीटरची लाल-काळी वायर लोंबत असते. तरी सिस्टरच. गडचिरोलीच्या या भागात माडिया आदिवासी पोरगी दवाखान्यात दिसली तर ती एक तर पेशंट, नाही तर पेशंटची बहीण, आणि नशीब फारच जोरावर असेल तर नर्स. चौथा खण लोकांच्या डोक्यात बसवलेलाच नाही. सुरुवातीला रंजीता भांडायची. आता म्हणते, "हो भाऊ, आज तुमच्या ईसीजी मशीनले सलाईन लावाची हाये," आणि पुढे निघते. तो मागे विचार करत बसतो.

तिचं काम आहे दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचं. ऑक्सिजन बनवणारं यंत्र, नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ऊब देणारा पाळणा, हृदयाचे ठोके कागदावर काढणारं यंत्र. एटापल्लीपासून पार भामरागडाकडच्या रस्त्यांपर्यंत तिची स्कूटी लाल धूळ खात फिरत असते. हे काम शिकवणारी पदविका असते, तिला बायोमेडिकल म्हणतात, तिच्यावर नोकरी मिळते, हे शाळेत कुणी सांगत नाही. शाळेत पोरांना विचारतात, मोठेपणी कोण होणार, आणि उत्तरंही स्वतःच पुरवतात: डॉक्टर, इंजिनियर, कलेक्टर. या तिघांपैकी एकही आपल्या तालुक्यात फार दिवस टिकत नाही, हे पोरांना दिसत असतं. पोरं आंधळी नसतात.

रंजीताला मात्र हे काम आधीच दिसलं होतं, आणि तेही चक्कर येऊन पडल्यामुळे.

बारावीला असताना धाकट्या भावाला ताप आला म्हणून ती मायसोबत गडचिरोलीच्या दवाखान्यात गेली होती. नर्सबाईंनी भावाच्या दंडातून सुईने रक्त ओढलं. काचेच्या नळीत ते लाल लाल वर चढताना रंजीताने पाहिलं आणि ती आडवी झाली. डोळे उघडले तेव्हा तिला शेजारच्या खोलीतल्या बाकावर निजवलेलं होतं आणि समोर एक माणूस मांडी घालून बसला होता. त्याच्या पुढ्यात एक यंत्र पोट उघडं टाकून पडलं होतं. हिरव्या पट्ट्या, रंगीत वायरी, बारीक बारीक चमकते ठिपके. रंजीता टक लावून बघत राहिली. पोट फाडलेलं, आतडी बाहेर, आणि रक्ताचा थेंब नाही!

"तुमी डॉक्टर का?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग कंपाउंडर?"

"नाही गं बाई. मी मशीनवाला. बायोमेडिकल."

तिने तो शब्द तोंडात घोळवत घोळवत गाव गाठलं.

तिची माय बुधरी हिचा हिशोब वेगळा होता. बुधरीने पोरीला नर्स करायचं कधीच पक्कं केलं होतं. एएनएमच्या शाळेत चौकशी झाली होती, ओळखीच्या बाईंनी शब्द दिला होता. पोरगी रक्त बघून पडते, हे मायच्या कानी कुणी घातलं की मायचं उत्तर तयार असे. कोंबडं कापताना पडली? "उपाशी होती." वर्गातल्या मुखरूच्या पायातला काटा काढताना पडली? "ऊन लागलं." गडचिरोलीत पडली? "एसटीत उलट्या झाल्या ना, त्याच्यानं." बुधरीपुढे डॉक्टरचं काही चालत नसे, तिथे पोरीचं काय चालणार?

अशात शाळेवर नागपूरच्या एका संस्थेची जीप आली.

जीपमधून अजय निखाडे उतरले. वय तिशीच्या आतलं, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, आणि बोलण्यात विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित हे चार शब्द रेल्वेच्या डब्यांसारखे एकमेकांना जोडलेले. माणूस वाईट नव्हता. तो नुसता नागपूरचा होता. संस्थेची योजना अशी, की बारावी सायन्सच्या पोरांची कलचाचणी घ्यायची, कुणाचा ओढा कुठे ते बघायचं, आणि निवडलेल्या पोरांना नागपुरात ठेवून पदविकेच्या प्रवेशापासून वसतिगृहापर्यंत सगळं लावून द्यायचं. भिंतीवर त्यांनी चित्रं दाखवली. त्यात एका चित्राखाली रंजीताला तो शब्द दिसला: बायोमेडिकल. ही जीप चुकली तर पुढची गाडी एएनएमच्या शाळेची, हे तिला त्या क्षणी कळून चुकलं.

सायन्सची पोरं म्हणजे बोटांवर मोजण्याइतकी, आणि सगळी रंजीताच्याच गावची, मरकाटोल्याची. अजय सरांनी एकेकाच्या हातात टॅब दिला. "उत्तर चुकीचं किंवा बरोबर नसतं. मनाला येईल ते दाबा. मी हेडमास्तरांकडे चहा घेऊन येतो." आणि गेले.

आता मरकाटोल्याची एक गोष्ट सांगायला हवी. या गावात निवडणूक, बहुमत, हात वर करा, असला प्रकार चालत नाही. बांबू कधी तोडायचा, तळ्यातले मासे कधी धरायचे, कुणाच्या बैलाने कुणाचं धान खाल्लं, काहीही असो, अख्खं गाव गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या सामायिक घरासमोर, गोल बसतं आणि सगळ्यांचं एकमत होईस्तोवर बोलतं. एक माणूस जरी "नाई" म्हणाला तरी ठराव नाही. एकट्याने घाईघाईत ठरवलेली गोष्ट तिथे अर्धी कच्ची समजतात. पोरं हे आईच्या पाठीवर असल्यापासून बघतात.

तेव्हा सर बाहेर गेल्याबरोबर पोरांनी काय केलं असेल? टॅब मांडीवर घेतले आणि गोल बसली.

पहिला प्रश्न मुखरूने मोठ्याने वाचला. मुखरू हिचामी म्हणजे रंजीताचा वर्गमित्र, उंच, आळशी आणि सगळ्यात वाद घालणारा. "तुम्ही एका समारंभात आहात. ओळखीचं कोणी नाही. तुम्ही काय कराल? लोकांशी बोलाल, कोपऱ्यात उभे राहाल, की घरी जाल?"

"जेवल्याबिगर घरी कसं जाशीन?" एकजण म्हणाला.

"अन् कोपऱ्यात उभा राह्यला तं वाढनारा येईन का तिथी?"

"बोलाचंच. बोलल्याबिगर जेवन नाई." एकमत झालं. सगळ्यांनी तेच दाबलं.

"रेडिओ बिघडला आहे. उघडून बघाल, तज्ज्ञाला बोलवाल, की नवा घ्याल?"

"तज्ज्ञ कुठचा?"

"नागपूरचा असन."

"तो येईस्तोवर त्या रेडिओत मुंग्या घर करतीन. उघडाचा." सगळ्यांनी दाबलं.

गाडी अडली ती एकाच ठिकाणी. प्रश्न होता: तुम्हाला एकट्याने काम करायला आवडतं की गटात? मुखरू म्हणाला, "एकट्यानं."

"काऊन गा?"

"एकटा असलो का कोनी काम सांगत नाई."

पोरांनी त्याला समजावलं, चिडवलं, त्याच्या आजोबाचं नाव काढलं. मुखरू हलेना. शेवटी रंजीताने डोळे वटारले, "तुझ्यापायी सगळे अटकले, गधड्या!" तेव्हा तो तोंड वाकडं करून म्हणाला, "बरं, गटात. पन मनापासून नाई." त्याचंही बोट गटावर पडलं.

अजय सर चहा पिऊन आले आणि निकाल बघून त्यांचा चष्मा कपाळावर चढला. सगळ्या टॅबवर एकच उत्तर, ओळ न् ओळ सारखी. यांत्रिक कल: अत्युच्च. सामाजिक कल: अत्युच्च. निर्णयक्षमता: अपवादात्मक.

"ही कॉपी आहे," ते म्हणाले.

"कॉपी कायची सर? आमी ठरवलं," मुखरू म्हणाला. "मले तं एसटीचा ड्रायव्हर व्हाचं होतं. एकमतासाठी इंजिनियर झालो मी."

सरांना हसू आलं नाही. ही शाळा रद्द, यादीत इथलं एकही नाव जाणार नाही, असं म्हणून त्यांनी टॅब गोळा केले आणि ते जीपकडे चालू लागले.

रंजीता त्यांच्या मागे धावली. धावताना तिची कानशिलं तापली होती. तिला राग येतो तेव्हा तो पायांतून चढत येतो आणि तोंडातून बाहेर पडतो, मधे कुठे थांबत नाही.

"सर! चोरानं लपून केलं तं कॉपी. आमी खिडक्या उघड्या ठेवून, वरडून वरडून केलं. शिपाईभाऊनं पन ऐकलं. त्याले विचारा!"

"अगं, चाचणी एकेकट्याची असते. तुझा स्वतःचा कल काय, ते मला कळायला नको?"

"मंग मले विचारा ना! मी उभी हाये तुमच्या समोर, टॅबले काय विचारता?"

सर थबकले. "बरं. काय व्हायचंय तुला?"

"बायोमेडिकल."

"म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"मशीन उघडाची. रगत नाई निघत."

सरांनी तिच्याकडे नीट बघितलं. मनात काय आलं कोण जाणे, पण शहरातल्या माणसाला पैज लावायची खोड असते. ते म्हणाले, "तुमच्याकडे सगळं एकमताने होतं ना? मग तुझ्या गावाचं एकमत मला दाखव, की रंजीता बायोमेडिकलला जाईल. त्या दिवशी तुझं नाव वर पाठवतो. नाही तर नाही."

त्यांना वाटलं, जंगलातलं गाव, शब्द कुणी ऐकलेला नाही, इथेच विषय संपला. रंजीता म्हणाली, "कागदावर दाखवू कायले? तुमीच या ना बसायले. रविवारी."

आता माघार घ्यायची तर जीपचा ड्रायव्हरही ऐकत होता. सर हो म्हणाले.

रविवारी सकाळी ते मरकाटोल्याला पोचले. अर्ध्या तासाचं काम, दुपारचं जेवण एटापल्लीला, असा त्यांचा बेत. गोटुलासमोर गाव जमलेलं होतं. सरांसाठी खाट टाकली होती, पण ते शहाणपणा करून सगळ्यांसोबत खाली, गोलातच बसले. तिथेच फसले.

गावाची दुसरी रीत अशी, की ज्याचा विषय असेल त्याने सगळ्यात शेवटी बोलायचं. म्हणजे रंजीता तोंड शिवून बसलेली. तिच्यासारख्या पोरीला याहून मोठी शिक्षा नाही. ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. तिथे एक खड्डा तयार व्हायला लागला होता.

सुरुवात झिंगू हेडोने केली. झिंगू म्हणजे गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. तो "हो" म्हणायला नेहमी उशीर लावतो, कारण एकदा हो म्हटलं की कुणी विचारत नाही, हे त्याला कळून चुकलंय. तो म्हणाला, "मशीन बिघडतेच कायले? चांगली बनवावी ना."

सरांनी समजावलं. धूळ, दमट हवा, विजेचा कमीजास्त दाब.

"म्हंजे वीज खराब. मंग पोट्टीले विजेकडे धाडा, मशीनकडे कायले?"

सरांनी पुन्हा समजावलं. मग मुखरूच्या बापाने विचारलं, "माह्या पोट्ट्याचं काय? तो पन इंजिनियर निघाला म्हनते."

"बा, मी ड्रायव्हरच होईन," मुखरू मागून म्हणाला. त्यावर गाव एसटीच्या ड्रायव्हरांवर घसरलं. कोणता हात दाखवल्यावर थांबतो, कोणता थांबत नाही, कोणाला कोंबडी दिली तरी थांबत नाही. सर घड्याळ बघत होते. रंजीताचा खड्डा खोल होत होता.

एक बाई म्हणाली, "दूर शिकायले गेलेली पोट्टी गावात परत येते का?" कुणी म्हणालं, झिंगूचा नातू आला. कुणी म्हणालं, आला पण नापास होऊन आला. रंजीताचा बाप लालसू लेकामी एवढंच म्हणाला, "तिले आवडते तं जाऊ द्या." तो वर्षात एखादंच वाक्य बोलतो, म्हणून त्याचं वजन पडलं. माना हलायला लागल्या. झिंगूने वळून सरांना विचारलं, "पाहुने, तुमचं मत काय?"

"माझं? मी तर पाहुणा."

"गोलात बसले ना? मंग तुमालेही धरलं."

आणि अजय सरांनी घात केला. समुपदेशकाने एकाच बाजूने बोलू नये, असं त्यांना प्रशिक्षणात शिकवलेलं. ते घसा साफ करून म्हणाले, "तसं पाहिलं तर नर्सिंगमध्येही खूप संधी आहेत. दोन्हींचे फायदे-तोटे बघितले पाहिजेत."

रंजीताने जी नजर टाकली, ती यंत्रावर पडली असती तर फ्यूज उडाला असता.

"म्हंजे तुमी 'नाई'त," झिंगू खूश होऊन म्हणाला. "एकमत मोडलं. चला, पहिलेपासून."

"नाही, नाही! तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मंग कसं म्हनाचं होतं? बोला ना, रात पडेपर्यंत टाइम हाये."

ऊन डोक्यावर आलं. एटापल्लीचं जेवण गेलं. सगळं गाव त्या नागपूरच्या माणसाचं समुपदेशन करायला लागलं. तुमचं मन कशात आहे, भाऊ? घाबरू नका. चूक-बरोबर असं काही नसते. मनाला येईल ते सांगा. मुखरूने तर आपल्या टॅबवाल्या प्रश्नांपैकी दोन त्यांना विचारून घेतले. सरांना घाम फुटला, मग हसू फुटलं, आणि शेवटी ते हात जोडून म्हणाले, "बायोमेडिकल! माझं मत बायोमेडिकल! मला जेवू घाला."

लोक हसले. जेवण मात्र एकमतानंतर असतं.

आता उरली बुधरी. इतका वेळ ती मोहाची फुलं निवडत बसली होती, कुणाकडे न बघता. झिंगूने विचारलं, "तू काय म्हनते वं, बुधरी?"

"माहं 'नाई'."

"काऊन?"

बुधरीचे हात थांबले नाहीत. "पांढरे कपडे घालून माही पोट्टी गावात येते, लेकरायले गोळ्या देते, लोक तिले बाई म्हनते. मी पाह्यलं हाये तिले तसं. डोळे मिटले का दिसते. हे मशीनवाली कशी दिसते, मले दिसतच नाई. जे दिसत नाई त्याले हो कशी म्हनू?"

झिंगूने रंजीताकडे बोट केलं. नियमाप्रमाणे आता पाळी रंजीताची.

तिने तीन दिवस भाषण पाठ केलं होतं. विज्ञान, तंत्रज्ञान, सगळे डबे जोडून ठेवले होते. उभी राहिली आणि एकही डबा सापडेना. ती म्हणाली, "माय, मले रगत पाहून चक्कर येते. मी उपाशी नसते. ऊन पन नाई लागत. रगतानंच येते."

"मले मालूम हाये," बुधरी म्हणाली.

"मालूम हाये? मंग इतके दिस?"

"वाटलं, होईन सवय. मले नाई झाली का तुह्या बापाची?"

सगळं गाव खदखदून हसलं, लालसूसकट. बुधरी हसली नाही. तिने सुपातली फुलं टोपलीत ओतली, लुगडं झटकलं आणि उभी राहिली. "कोंबड्यायले पानी ठेवाचं राह्यलं," म्हणाली, आणि चालती झाली.

झिंगूने तिची पाठ दूर जाऊ दिली. मग मांडीवर थाप मारून म्हणाला, "झालं. एकमत!"

अजय सर गोंधळले. "पण त्या हो कुठे म्हणाल्या?"

"गोलातून उठला त्याले आमी मोजत नाई."

"मग त्यांचं 'नाही' होतं, त्याचं काय?"

"साहेब," झिंगू म्हणाला, "'नाई'च म्हनाचं असतं तं ते बसून राह्यली असती. बुधरी मरकाटोल्यात जन्मली. कुठी बसाचं अन् कुठी उठाचं, तिले शिकवता का?"

सरांनी खिशातून पेन काढलं. ठराव लिहिला गेला: रंजीता लालसू लेकामी हिने बायोमेडिकलला जावे, सर्वानुमते मंजूर. गावाच्या आग्रहाखातर त्यांनी स्वतःही खाली सही केली. रंजीताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायला ती आपणच उकरलेला खड्डा पायाने बुजवत होती.

बुधरी परतली तेव्हा तिच्या हातात पाण्याने भरलेला पितळी गुंड होता. तिने पहिलं पाणी पाहुण्याला दिलं. "झालं तुमचं?" तिने विचारलं, जणू तिचा काही संबंध नाही. "मले कोनी विचारलं नाई."

"बस ना आता वं," कुणीतरी म्हणालं.

"बसते. पन पोट्टी नागपूरले कोन्या एसटीनं जाईन ते ठरवलं का? सकाळच्या गाडीत बसली का उलट्या करते ते. दुपारच्यानं धाडा."

"दुपारची गाडी भरवशाची नाई," मुखरू म्हणाला. "मी सांगतो, सकाळचीच."

"तुले काय मालूम?"

"मी ड्रायव्हर हाये!"

झिंगूने पुन्हा पाय पसरले. अजय सरांनी हळूच उठायचा प्रयत्न केला, तर लालसूने त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि त्या वर्षातलं आपलं दुसरं वाक्य बोलून टाकलं.

"बसा भाऊ. जेवन शिजेपर्यंत एसटीचं होऊन जाईन."